परतीची वाट : मराठी आत्मपर लेखनातील प्रौढ श्रद्धेचा प्रश्न

धर्मांतराच्या कथेकडे मराठी समीक्षेचे लक्ष पुष्कळ गेले आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे चरित्र आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ यांचा विचार त्या अंगाने वारंवार झालेला आढळतो. धर्माकडे परत येण्याच्या कथेला मात्र तितके लक्ष लाभलेले नाही. याचे एक कारण उघड आहे. धर्मांतराला तारीख असते, साक्षीदार असतात आणि विरोधही होतो. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, ही गोष्ट नोंदली गेली आहे. ज्याने घरातील देवाकडे पाठ फिरविली आणि वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा तिकडे तोंड केले, त्याच्या जाण्याची नोंद नसते आणि येण्याचीही नसते. त्याचे नाव तेच राहते, पोशाख तोच राहतो, सोयरीकही बदलत नाही. बदल झालाच असेल तर तो त्याच्या लेखनातच शोधावा लागतो. आणि म्हणून हा प्रश्न समाजशास्त्राइतकाच वाङ्मयसमीक्षेचाही ठरतो.

अशा परतीसंबंधी दोन निर्णय तयारच असतात. भाविक म्हणतो, कितीही शिकला तरी अखेर त्याला देवाकडेच यावे लागले. बुद्धिवादी म्हणतो, वय झाले, मन थकले, आधार हवासा वाटला. हे दोन्ही निर्णय एकमेकांच्या विरुद्ध दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. श्रद्धा ही हरवलेल्या वस्तूसारखी असून, जी टाकली तीच पुढे जशीच्या तशी सापडते, ही ती समजूत होय. मराठीतील महत्त्वाची उदाहरणे तपासली असता ती टिकत नाही. विठ्ठल रामजी शिंदे, इरावती कर्वे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तिघांच्या आत्मपर लेखनातून परतीची तीन रूपे दिसतात. तिन्हींच्या मधोमध पंढरपूर उभे आहे, आणि तरीही तिघांपैकी एकाचीही परत पंढरीच्या चालत आलेल्या उपासनेशी येऊन थांबत नाही. परतणाऱ्याचा कशावर विश्वास बसला, हा प्रश्न येथे फारसा उपयोगी पडत नाही. तो कोणाकडे परतला आणि तेथे त्याला कोण भेटले, हे विचारल्यावरच ही लेखने बोलू लागतात.

पाश्चात्त्य परंपरेत अशा कथेचा आदर्श संत ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’ने घालून दिला. आई मोनिका हिची श्रद्धा, तारुण्यातील मतमतांतरे आणि मिलान येथील बागेतला इ. स. ३८६ मधला तो एक क्षण. सारी कथा त्या क्षणाकडे धाव घेते आणि त्या क्षणानेच दोन तुकड्यांत विभागली जाते. मराठीत अशा क्षणाची अपेक्षा धरून आत्मचरित्रे वाचू लागणाऱ्याची निराशा होते. वारकरी संप्रदायाच्या मूळ शब्दातच फेरा आहे. वारी एकदा करून संपत नाही. जाणे आणि येणे हे तेथे एकाच आचाराचे दोन भाग आहेत. त्यामुळे या भूमीतील परतणाऱ्याला आपली गोष्ट सांगताना क्षणाचे रूपक जवळचे वाटत नाही, वाटेचे वाटते. अर्थात रूपक हाताशी आहे म्हणून अनुभव तसाच असेल असे मानण्याचे कारण नाही. रूपकाने अनुभवाला कोठे वळण लावले आणि अनुभवाने रूपकाला कोठे ताण दिला, हे पाहावयाचे आहे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. वडील रामजी हे वारकरी. घरात भजन, पंढरीची ओढ आणि आल्यागेल्याला जात न विचारता दिलेला आसरा. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ या आत्मचरित्रात शिंदे यांनी या घराचे जे चित्र काढले आहे ते मराठी आत्मचरित्रांतील अत्यंत जिवंत चित्रांपैकी एक मानावे लागेल. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात मिल, स्पेन्सर यांच्या वाचनाने या श्रद्धेचा पाया ढासळला आणि अज्ञेयवादाची वृत्ती आली. मग मॅक्स म्युलरच्या धर्मविषयक लेखनाचा परिचय, प्रार्थनासमाजाची उपासना आणि १८९८ साली पदवी घेतल्यानंतर त्या समाजाचा स्वीकार. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचे अध्ययन करून ते धर्मप्रचारक म्हणून मुंबईस आले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केली.

हा क्रम वरवर पाहता नेहमीचा वाटतो : श्रद्धा, संशय, पुनः श्रद्धा. परंतु शिंदे ज्या धर्माकडे आले तो वडिलांचा धर्म नव्हता. प्रार्थनासमाजाने तुकोबांचे अभंग उपासनेत घेतले आणि मूर्ती बाहेर ठेवली. विठ्ठल हे नाव धारण करणारा हा वारकऱ्याचा मुलगा विटेवरच्या विठ्ठलाकडे उपासक म्हणून परतलाच नाही. मग त्यास परत म्हणावयाचे कसे? याचे उत्तर आत्मचरित्रातील घराच्या चित्रात आहे. शिंदे परतले ते वडिलांच्या दारापाशी, देव्हाऱ्यापाशी नव्हे. जात न विचारता दार उघडे ठेवण्याची त्या घराची रीत हीच त्यांच्या प्रौढ धर्माची मूळ वस्तू झाली आणि अस्पृश्यतानिवारणाचे कार्य हे तिचेच विस्तारलेले रूप होय, असे ते स्वतः सुचवितात. प्रार्थनासमाजाची अशी एक खूण पंढरपुरातही आहे. लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली तेथे टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम उभा राहिला. मूर्तिपूजा न मानणाऱ्यांनी विठोबाच्या गावात जे केले ते हे. शिंदे यांच्या श्रद्धेची जात याच कुळीची आहे.

येथे समीक्षकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आत्मचरित्र उतारवयात लिहिलेले आहे. लिहिणारा शंकेच्या पलीकडे पोहोचलेला आहे आणि त्याला शेवट ठाऊक आहे. त्यामुळे तरुणपणीचा अज्ञेयवाद तेथे एक टप्पा म्हणून, जणू उपासनेच्या पायरीवरील एक दगड म्हणून येतो. त्या काळी तो तसा वाटला असेल असे नाही. शिंदे यांच्या तरुणपणीच्या रोजनिश्या उपलब्ध आहेत. उद्या काय होणार हे रोजनिशीला ठाऊक नसते. म्हणून परतीच्या कथेचा अभ्यास करणाऱ्याने आत्मचरित्राच्या आधी त्या वाचाव्यात. या संदर्भात गो. मा. पवार यांचा उल्लेख अटळ आहे. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या आणि सोलापुरातच अखेरची वर्षे घालविलेल्या या अभ्यासकाने एकीकडे विनोदाची तात्त्विक मीमांसा केली आणि दुसरीकडे शिंदे यांच्या कागदपत्रांवर अनेक वर्षे खर्च केली. त्यांच्या ‘महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : जीवन व कार्य’ या चरित्राला २००७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्या चरित्राचे मोल असे की, त्यात शिंदे यांची धर्मनिष्ठा त्यांच्या समाजकार्यापासून वेगळी काढून दाखविलेली नाही. शिंदे यांच्या पश्चात एका पक्षाने त्यांचे कार्य घेतले व धर्म सोडला, दुसऱ्याने दोन्ही विसरले. पवारांनी हा दुभंग सांधला.

तथापि शिंदे यांच्या मांडणीत एक उणीव राहतेच. वडिलांचा भागवत धर्म आणि ऑक्सफर्डचा उदार धर्म एकाच प्रवाहाचे असल्याची त्यांची खात्री काहीशी लवकर पटते. जमखंडीच्या टाळमृदंगाला उदार धर्माच्या परिभाषेत बसविताना जे सुटून जाते, म्हणजे नाव घेऊन हाक मारता येईल असा जवळचा देव, त्याविषयीची हळहळ त्यांच्या गद्यात क्वचितच उमटते.

ती हळहळ, किंबहुना तो देवच, इरावती कर्वे यांच्या लेखनात समोर येतो. आणि तेही जेथे त्याची अपेक्षा सर्वांत कमी करावी अशा ठिकाणी. इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्यास आल्या आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढल्या. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले परांजपे हे महाराष्ट्रातील बुद्धिवादाचे अग्रणी. पुढे त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घरात सून म्हणून गेल्या. ‘समाजस्वास्थ्य’ चालविणारे निरीश्वरवादी र. धों. कर्वे हे त्यांचे दीर. बर्लिनला मानवशास्त्राची पदवी आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन. एवढ्या सामग्रीतून विठोबाची भक्ती निघावी याचा अंदाज कोणत्याही चरित्रकाराने बांधला नसता.

‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर केलेल्या पायी वारीचा आहे. १९६२ साली त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेतील आशियाविषयक संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला आणि परदेशी अभ्यासकांना वारीचा परिचय प्रामुख्याने त्यातूनच झाला. त्यामुळे एक गैरसमजही पसरला. हा लेख मानवशास्त्रज्ञ बाईने केलेले निरीक्षण म्हणून वाचला जाऊ लागला. लेखाची भाषा तशी नाही. निरीक्षण करणारी बाई दिंडीच्या कडेने चालते. ही बाई दिंडीत चालते. शेजारणीचा हात धरते, थकते, आणि जे पाहिले त्यासंबंधी तिला आनंद व वेदना दोन्ही होतात. महाराष्ट्र म्हणजे काय याची व्याख्या पुस्तकात शोधणाऱ्या अभ्यासिकेला ती वाटेवर सापडते : ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. ही व्याख्या शास्त्रीय कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. पंढरीला जाणाऱ्यांत कानडी मुलखातील माणसेही फार पूर्वीपासून आहेत, आणि महाराष्ट्रात पंढरीला न जाणारे पुष्कळ. व्याख्या म्हणून ती लंगडी आहे; कबुली म्हणून ती अचूक आहे. आपण कोणाच्या, हे बाईंना या वाटेवर कळले.

इरावतीबाईंच्या बाबतीत परत हा शब्द वापरताना थोडे थांबावे लागते. त्या जिकडे गेल्या तेथून त्या कधी निघाल्याच नव्हत्या. ज्या घरात त्या वाढल्या आणि ज्या घरात त्या नांदल्या त्या घरांनी ही वाट एक पिढी आधी सोडली होती. निघणारा एक आणि परतणारा दुसरा, असा हा प्रकार आहे. विसाव्या शतकातील मराठी सुशिक्षित वर्गात तो एकटा नसावा. बंड आजोबांनी किंवा वडिलांनी केले, आणि परतीचे तिकीट नातवंडांच्या हाती आले. अशा परतीत बालपणीच्या आठवणींचा ओलावा नसतो. सारे प्रौढ बुद्धीने निवडावे लागते, आणि निवडलेल्या गोष्टीची थोडी लाजही वाटते. विठोबाला ‘बॉयफ्रेंड’ म्हणणारा त्यांचा दुसरा लेख या लाजेतून सुटण्याचा खट्याळ मार्ग आहे. त्या शब्दाने अनेकांना धक्का बसला. परंतु मधुरा भक्तीची परंपरा ज्या भाषेत शतकानुशतके नांदली तेथे धक्का बसण्याजोगे काही नव्हते; इंग्रजी शब्द तेवढा नवा होता. घरातल्या नास्तिकांना ऐकू जाईल अशा आवाजात देवाशी सलगी करायची तर तो हलका आवाजच उपयोगी होता.

‘वाटचाल’चे खरे सामर्थ्य मात्र जेवणाच्या प्रसंगात आहे. पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरीला पोहोचते. या मुक्कामांवर आजही ज्यांनी वारी पाहिली असेल त्यांना चुलींची मांडणी ठाऊक असते. इरावतीबाईंच्या दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका दिवसभर एकत्र चालत, एकत्र गात आणि जेवावयास वेगळ्या बसत. भजनात एक, भाकरीला दोन. बाईंना हे खुपले. एके दिवशी त्या पलीकडच्या पंगतीला जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्या घरी येऊ, असेही म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातील एकीने विचारले, तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल ना?

या प्रश्नाला लेखात उत्तर नाही. तो आपल्या वर्मी लागला एवढे बाई सांगतात, हजारो वर्षे शेजारी राहूनही दोन समूह एकमेकांचे झाले नाहीत याची नोंद करतात आणि पुढे चालू लागतात. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे समतेवर एक परिच्छेद लिहिला असता. परांजप्यांच्या घरी जी चिकित्सक दृष्टी घडली ती वारीत सोडून दिली गेलेली नाही, याचा हा पुरावा. श्रद्धेने बुद्धीला गप्प केले नाही. उलट श्रद्धेमुळेच बुद्धीला ती जागा दिसली. दुरून पाहणाऱ्याने वेगळ्या चुलींची नोंद केली असती, पण तिला तो प्रश्न कोणी विचारला नसता. प्रश्न विचारला जाण्याचा अधिकार चालून मिळवावा लागला.

गं. बा. सरदार यांनी ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संतांच्या समतेची मर्यादा तत्त्वतः तपासली आहे. त्यांच्या विवेचनाशेजारी ‘वाटचाल’ ठेवून वाचणे विद्यार्थ्यांना उद्बोधक होईल. सरदार जे विचाराने सिद्ध करतात ते इरावतीबाई एका पंगतीत दाखवितात. परंतु त्या दिंडीतल्या दोन चुलींच्या पलीकडे तिसरी चूल होती, आणि तिच्याजवळ बसणाऱ्यांना मंदिराचे दार कायद्याने मोकळे होण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १ मे पासून दहा दिवस साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. संत चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ आहे, म्हणजे बाहेर. परतीची गोष्ट सांगण्यासाठी आधी आत असावे लागते. जो कधी आत नव्हता त्याने कोठे परतावे?

आंबेडकरांचा विचार येथे करावयाचा तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्यांनी १९३५ साली येवले येथे हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ही घटना धर्मांतर म्हणूनच ओळखली जाते, आणि नव्या जन्माची भाषा दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतही आहे. परंतु त्यांच्या स्वतःच्या लेखनात तिच्याभोवती परतीची दोन वर्तुळे आहेत. पहिले खाजगी. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या आणि १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या घराची हकीकत दिली आहे. वडील धर्मनिष्ठ, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव करणारे हे ग्रंथ आम्ही कशासाठी वाचावयाचे, असे मुलगा विचारी. पुढे त्याच्या परीक्षेतील यशानिमित्त कृ. अ. केळुसकरांनी त्यास स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या पुस्तकामुळे आपण बुद्धाकडे वळलो, असे आंबेडकर म्हणतात. विद्यार्थिदशेत हाती आलेल्या पुस्तकाकडे साठीच्या उंबरठ्यावरून पुढे गेलेला विद्वान परत येतो. मधल्या काळात कोलंबिया, लंडन, कायदा, घटना. आणि हातात पुन्हा तेच चरित्र.

शिंदे यांच्या वडिलांचेही नाव रामजी आणि आंबेडकरांच्याही. एक वारकरी, दुसरे कबीरपंथी. दोन्ही घरांत पहाटे अभंग वा दोहे ऐकू येत. एका मुलाने वडिलांच्या घराचे दार रुंद केले. दुसऱ्याने वडिलांना विचारलेला प्रश्न पन्नास वर्षे सोडला नाही. दोन परतींमधला हा भेद मतांचा नसून अनुभवाचा आहे, हे ध्यानात घेतले नाही तर दोघांनाही अन्याय होतो.

दुसरे वर्तुळ इतिहासाचे आहे. १९४८ सालच्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात आंबेडकरांनी असा सिद्धान्त मांडला की, अस्पृश्यांचे पूर्वज हे पांगलेल्या टोळ्यांतील, गावाबाहेर वसलेले बौद्ध लोक होते, आणि त्या निष्ठेबद्दलच त्यांच्या वाट्याला तिरस्कार आला. इतिहाससंशोधनाच्या दृष्टीने या सिद्धान्तावर वाद आहे आणि तो येथे सोडवावयाचा नाही. आत्मपर लेखन म्हणून त्याचे कार्य वेगळे आहे. जे कधी आत नव्हते त्यांना तो एक जुने घर देतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील बुद्धविहारात बोलताना पंढरपूरची मूर्ती ही मुळात बुद्धाची असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले व त्यावर लिहिण्याचा मनोदय सांगितला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते लेखन पुरे झाले नाही. विठ्ठलाला बुद्धावतार मानणारे उल्लेख संतसाहित्यात आहेत, याची चर्चा रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात केली आहे. तेथे ढेरे यांचा कल दैवताच्या गोपजनीय मूळाकडे आहे. म्हणजे मूर्ती एकच. शिंदे यांनी ती ओलांडून तिच्या भक्तांची नीती घेतली, इरावतीबाईंनी तिच्याशी सख्य केले, आणि आंबेडकरांनी तिच्याखालची वीट कोणाची हे विचारले.

आंबेडकरांच्या १९४८ च्या त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका या संदर्भात कमी वाचली गेली आहे. ज्या धर्माला सोडण्याची घोषणा होऊन तेरा वर्षे झाली होती, त्याच परंपरेतील तीन अस्पृश्य संतांच्या, नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला तो ग्रंथ अर्पण केलेला आहे.